निवाड्याचा ठावठिकाणा

कायद्यावरील अथवा सामाजिक इतिहासावरील कोणताही भारदस्त ग्रंथ उघडला असता पानाच्या तळाशी बारीक टायपात 'आय. एल. आर. ३९ मुंबई ४४१' अशा स्वरूपाच्या ओळी आढळतात, आणि ज्याचा कोर्टकचेरीशी संबंध आलेला नाही असा वाचक त्या निमूटपणे ओलांडून पुढे जातो. ग्रंथकाराने आपली विद्वत्ता मिरविण्यासाठी केलेली ती नक्षी असावी, असाही कित्येकांचा समज असतो. वस्तुतः निवाड्याचा उल्लेख कसा करावा, त्याचे साल कोणते धरावे, अंक आधी लिहावा की नाव आधी लिहावे, ह्या वरकरणी रुक्ष भासणाऱ्या नियमांमागे एका समाजाने प्रामाण्य वेळोवेळी कोठे ठेवले, माणसाच्या मुखात, पोथीच्या पानात, की सरकारमान्य छापील पृष्ठात, ह्याचा सगळा इतिहास साठलेला आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हा इतिहास गावच्या चावडीपासून सुरू होतो आणि भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासापर्यंत येऊन पोहोचतो. आणि त्याचा मागोवा घेतला म्हणजे निवाडा उद्धृत करणाऱ्या अभ्यासकावर कोणकोणती जोखीम येऊन पडते, हेही आपोआप उलगडत जाते.

मराठेशाहीत वतनाचा, सीमेचा अथवा वडीलपणाच्या मानाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे तो गोतापुढे किंवा देशकसभेपुढे चाले. उभय पक्षांचे राजीनामे व जामीनकतबे प्रथम घेतले जात. मग प्रत्येकाची तकरीर व करीना लिहून होई. साक्षीदारांच्या जबान्या आणि जुनी कागदपत्रे पाहिली जात. पुरावा समतोल ठरल्यास प्रसंगी दिव्याचाही आश्रय केला जाई. आणि अखेरीस जो कागद होई त्यास महजर अगर निवाडपत्र म्हणत. ह्या कागदाची रचना पाहिली म्हणजे प्राचीन व्यवहारशास्त्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कारण भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धि असे व्यवहाराचे जे चार पाद याज्ञवल्क्याने सांगितले, आणि ज्यांचे प्रतिबिंब जयपत्रात उमटले पाहिजे असा धर्मशास्त्रकारांचा आग्रह होता, त्यांचाच अनुक्रम मोडी अक्षरांतून आणि फारसी शब्दांतून येथे पाळलेला दिसतो. मात्र निवाड्याचे खरे बळ कागदाच्या माथ्याशी असलेल्या हाजीर मजालशीत असे. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, जे जे सभेला बसले त्यांची नावे तेथे ओळीने मांडलेली असत, आणि ज्यास लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे पाटलाचा नांगर किंवा कारागिराचे हत्यार अशी निशाणी काढलेली असे. निवाडा कोणी केला, कोणापुढे केला आणि उद्या कोणास विचारता येईल, ह्याचा दाखला त्या यादीतच होता. जो हरला त्याजकडून येजितखत लिहून घेत, म्हणजे निर्णयास विरोधकाच्याच हातची पुष्टी मिळे.

ह्या व्यवस्थेतील दुसरी एक गोष्ट आजच्या संशोधकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सनद किंवा निवाडपत्र अंमलदाराकडे रुजू झाले म्हणजे त्याची तालीक दप्तरी लिहून ठेवावी आणि असल कागद ज्याचा त्यास भोगवटियास परत द्यावा, अशी आज्ञा पत्राच्या शेवटी बहुधा असे. असल कागद घरी आणि नक्कल दप्तरी, अशी ही वाटणी होती. पुढे इनाम कमिशनाने १८५२ च्या कायद्यान्वये लोकांजवळच्या सनदा तपासण्यास आरंभ केला तेव्हा घरोघरचे हेच रुमाल बाहेर पडले, आणि पुराव्याचा कागद हाती नसणे म्हणजे काय, ह्याचा प्रत्यय अनेक घराण्यांना आला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून ज्या दप्तरांचा शोध घेत फिरले, ती दप्तरे घराच्या माळ्यावर असावीत ही गोष्ट योगायोगाची नव्हती. जुन्या राज्यव्यवस्थेनेच असल पुरावा हक्कदाराच्या घरी ठेवला होता.

पेशवाई बुडाली आणि न्यायदानाची सूत्रे कंपनी सरकारच्या हाती गेली, तेव्हा नव्या न्यायाधीशांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, की ज्या लोकांचा न्याय करावयाचा त्यांचा कायदा कोठे शोधावा. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत झालेल्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाच्या सव्विसाव्या कलमाने ह्याचे उत्तर पायरीपायरीने दिले: प्रथम पार्लमेंटाचे व सरकारचे कायदे, ते नसतील तेथे ज्या मुलखात दावा उत्पन्न झाला तेथील वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि काहीच न मिळाल्यास न्याय, समता व सदसद्विवेक. वहिवाटीला शास्त्राच्या आधी स्थान देणारे हे कलम मुंबई इलाख्याचे वैशिष्ट्य होते. त्याच साली आर्थर स्टील ह्याने दख्खनच्या हिंदू जातींच्या कायद्यांचा व रूढींचा संग्रह प्रसिद्ध केला. आणि त्याच साली सुरतेस हॅरी बॉरोडेल ह्याने नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर छापले. ह्याच बॉरोडेलने सदर अदालतीने १८०० ते १८२४ ह्या काळात केलेल्या दिवाणी निवाड्यांचे वृत्तांत संकलित करून छापले होते. एकाच माणसाने एका हाताने पोथी भाषांतरित करावी आणि दुसऱ्या हाताने निवाड्यांची जंत्री करावी, ह्यात पुढल्या शतकाची दिशा स्पष्ट होते.

परंतु ती दिशा पूर्णपणे प्रस्थापित होण्यास अद्याप अवकाश होता. दरम्यानच्या काळात अदालतींतून सरकारी शास्त्री नेमलेले असत, आणि वारशाचा, विभागणीचा किंवा दत्तकाचा प्रश्न आला म्हणजे न्यायाधीश त्यांना लेखी सवाल करी व शास्त्री आधारासह लेखी व्यवस्था देई. ही उत्तरे कोर्टाच्या दप्तरांत वर्षानुवर्षे साठत गेली. त्यांतूनच रेमंड वेस्ट आणि जोहान गेऑर्ग ब्यूलर ह्या दोघांनी, एक न्यायखात्यातील अधिकारी आणि दुसरा संस्कृतचा प्रकांड पंडित, निवड करून हिंदू कायद्याचा आपला सुप्रसिद्ध संग्रह सिद्ध केला. त्याचा वारशावरील भाग १८६७ साली आणि विभागणीवरील भाग १८६९ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाची मांडणी मोठी उद्बोधक आहे. आधी प्रश्न, मग शास्त्र्याचे उत्तर, त्याखाली ज्या ठिकाणच्या अदालतीत ते दिले ते ठिकाण व तारीख, त्याखाली आधारभूत ग्रंथांचे पृष्ठवार उल्लेख, आणि सर्वांत शेवटी संपादकांचा अभिप्राय, असा प्रत्येक नोंदीचा क्रम आहे. शास्त्र्याच्या व्यक्तिगत कीर्तीवर न विसंबता नगर, पुणे, अमदाबाद अशा ठिकाणांवर, तारखेवर आणि पोथीच्या पानांवर वाचकाचा भरवसा बसावा, अशी ही योजना होती. महजरातील प्रामाण्य उपस्थित माणसांच्या नावांत होते; येथे ते माणसाकडून सुटून संदर्भाकडे सरकू लागले.

ग्रंथ तयार होत असतानाच ज्यांच्या उत्तरांवर तो उभारला होता त्या शास्त्र्यांचे पद नाहीसे झाले. १८६४ च्या अकराव्या कायद्याने हिंदू व मुसलमान धर्मशास्त्राच्या कोर्टातील अधिकाऱ्यांची पदे रद्द करण्यात आली, आणि धर्मशास्त्र काय म्हणते हे आता न्यायाधीशाला स्वतःच ठाऊक असते असे कायद्याने गृहीत धरले. हे गृहीत खरे ठरावे म्हणून न्यायाधीशाजवळ दोनच साधने उरली: एक भाषांतरित पोथ्या आणि दुसरे पूर्वीच्या न्यायाधीशांनी दिलेले निर्णय. त्यांपैकी दुसऱ्या साधनाचा विस्तार दिवसेंदिवस होत गेला, आणि पहिल्याचा वापर उत्तरोत्तर त्या दुसऱ्याच्या आधारानेच होऊ लागला. एखाद्या वचनाचा अर्थ प्रिव्ही कौन्सिलने एकदा लावला की मूळ वचन काय सांगते ह्यापेक्षा कौन्सिलने काय सांगितले ह्याकडेच वकिलांचे डोळे लागत. गंमत अशी की स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी लेखी वचनापेक्षा बलवत्तर होय, हे जुने तत्त्व प्रिव्ही कौन्सिलनेच १८६८ साली मदुरेच्या कलेक्टरच्या खटल्यात घोषित केले; पण पुढे रूढीचे बळ सांगावयाचे झाले तरी त्या निकालाचाच दाखला द्यावा लागू लागला.

मुंबईच्या हायकोर्टाचे उद्घाटन १४ ऑगस्ट १८६२ रोजी झाले, आणि लगोलग त्याच्या निर्णयांच्या वृत्तांतांचे खंड निघू लागले. १८६२ ते १८७५ ह्या काळातील हे बारा खंड 'बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स' ह्या नावाने ओळखले जातात, आणि त्यांच्या पानांतून त्या काळच्या महाराष्ट्राचे जे दर्शन घडते ते कोणत्याही गॅझेटिअरात घडत नाही. अकराव्या खंडाच्या २४९ व्या पृष्ठापासून सुरू होणारा उत्पात विरुद्ध सुंदराबाई हा निर्णय घ्या: पंढरपूरच्या उत्पात घराण्यातील रूढी न्यायालयापुढे पुराव्याने कशी सिद्ध करावी हा त्यातील प्रश्न, आणि त्या निमित्ताने क्षेत्रातल्या सेवेकरी कुळांचे व्यवहार न्यायालयाच्या चौकशीखाली येऊन छापील पानावर टिकून राहिले. पंढरीच्या वाटेने जाणारे लाखो लोक ज्या घराण्याचे नाव जाणतात, त्याच्या आचाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला कायद्याच्या कपाटातला तो खंड काढावा लागतो.

वृत्तांत छापणाऱ्या व्यक्ती व संस्था वाढल्या तशी अव्यवस्थाही वाढली. कोणता वृत्तांत विश्वसनीय मानावा, हा प्रश्न न्यायालयांना पडू लागला. म्हणून १८७५ चा अठरावा कायदा झाला. गव्हर्नर-जनरलच्या अधिकाराने प्रसिद्ध होणाऱ्या वृत्तांताखेरीज अन्य वृत्तांताचा दाखला ऐकून घेण्यास किंवा तो बंधनकारक मानण्यास न्यायालय बांधलेले नाही, असे त्याने ठरवून दिले. मात्र न्यायाधीशाने अन्य वृत्तांत पाहूच नये अशी मनाई त्यात नव्हती, आणि ह्याच फटीतून पुढे खासगी वृत्तांतांचा मोठा व्यवसाय वाढला. १८७६ पासून 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' ही मालिका कलकत्ता, मद्रास, मुंबई व अलाहाबाद अशा चार शाखांनी सुरू झाली. आरंभी उल्लेखिलेल्या 'आय. एल. आर. ३९ मुंबई ४४१' ह्या ओळीचा अर्थ आता सहज लागतो: मालिकेचे नाव, खंडाचा अंक, हायकोर्टाची शाखा, आणि जेथून निर्णय सुरू होतो ते पृष्ठ. चार पदांची ही ओळ घेऊन मद्रासेतल्या वकिलाने किंवा लंडनमधल्या अभ्यासकाने आपापल्या ग्रंथालयातील कपाटाशी जावे आणि नेमके तेच पान उघडावे, अशी तिची सोय होती. त्या पानावर जो निर्णय सापडतो तोही आपल्या परिचयाचा आहे. बाबामहाराजांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मिळकतीचे विश्वस्त म्हणून लोकमान्य टिळकांवर जी जबाबदारी आली आणि बाबामहाराजांच्या विधवा ताईमहाराज ह्यांनी केलेल्या दत्तकविधानावरून जो वाद वर्षानुवर्षे चालला, त्याचा प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली टिळकांच्या बाजूने केलेला हा निकाल होय.

परंतु हाच निकाल 'इंडियन अपील्स'च्या ४२ व्या खंडात १३५ व्या पृष्ठावरही आहे, आणि 'ऑल इंडिया रिपोर्टर'मध्ये १९१५ च्या प्रिव्ही कौन्सिल विभागात सातव्या पृष्ठावरही आहे. ह्या बाहुल्याचे कारण व्यवसायाच्या वाढीत आहे. रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर ह्या दोघा विधिज्ञांनी १८९९ साली मुंबईत 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' सुरू केला. सरकारी मालिका सावकाश निघे, आणि वकिलाला तर निकाल ताजा हवा असे. ही उणीव त्यांनी भरून काढली. १९०८ साली न्यायमूर्ती दावर ह्यांच्यापुढे चाललेला टिळकांवरील राजद्रोहाचा खटला अभ्यासक बहुधा ह्याच वृत्तांताच्या दहाव्या खंडातून, ८४८ व्या पृष्ठावरून, उद्धृत करतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नागपुराहून वि. वि. चितळे ह्यांनी 'ऑल इंडिया रिपोर्टर' हा उपक्रम उभारला, आणि साऱ्या हायकोर्टांचे निर्णय एका छत्राखाली आणून खंडाच्या अंकाऐवजी सालाला आरंभीचे स्थान देणारी ए. आय. आर. ची पद्धत देशभर रूढ केली. आज आसेतुहिमाचल जो वकील 'ए. आय. आर. १९५० सुप्रीम कोर्ट २७' असे म्हणून गोपालन खटल्याचा हवाला देतो, तो नकळत नागपूरच्या एका मराठी माणसाच्या उद्योगाचा हवाला देत असतो.

येथवर झाला तो वकिलांचा व न्यायाधीशांचा इतिहास. विद्वानांनी हे साधन आपल्या ग्रंथलेखनात कसे आणले, ही कथा त्याला समांतर चालते, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत ती विशेष समृद्ध आहे. कारण ह्या प्रांतात कायद्याचा व्यवसाय आणि संस्कृत विद्येचे अध्ययन ह्या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच माणसाच्या ठायी वसत. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांनी १८८० साली व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृती ह्यांचे जे भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात न्यायालयांनी लावलेले अर्थ त्यांनी मूळ वचनांशी ताडून पाहिले, आणि निरनिराळ्या जातींतील प्रत्यक्ष चालीरीतींची माहिती मागवून तीही जोडली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे गीतेचे भाषांतरकार आणि हायकोर्टाचे न्यायाधीशही. धर्मशास्त्रविषयक प्रश्नावरील त्यांचे निर्णय एखाद्या प्रबंधासारखे वाचावयास मिळतात. त्यांच्यामागून त्या पदावर आलेले महादेव गोविंद रानडे ह्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवर विवेचक प्रस्तावना लिहिली, आणि गणेश चिमणाजी वाड ह्यांनी केलेल्या त्या रोजनिशींतील उताऱ्यांचे खंड पुढे छापून निघाले. जो न्यायाधीश दिवसा आय. एल. आर. चे खंड चाळतो आणि रात्री माधवरावांच्या काळातले निवाडे वाचतो, त्याच्या दृष्टीने जुना निवाडा आणि नवा निवाडा ह्यांत फक्त लिपीचा व दप्तराचा भेद उरतो.

ह्या परंपरेचे परिणत फळ म्हणजे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास. काणे हे मुंबई हायकोर्टात वकिली करीत, आणि १९२६ साली त्यांनी व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली होती. १९३० ते १९६२ ह्या बत्तीस वर्षांत पाच खंडांतून, साडेसहा हजारांवर पृष्ठांतून, त्यांनी जो ग्रंथ उभारला त्याच्या तळटिपांकडे लक्षपूर्वक पाहावे. एकाच टिपेत ऋग्वेदातील ऋचेचा मंडल-सूक्त-अंक, गौतमधर्मसूत्राचे सूत्र, मिताक्षरेतील अवतरण आणि आय. एल. आर. मुंबईचा खंड व पृष्ठ ही चारही मांडलेली सापडतात, आणि काणे त्यांपैकी कोणालाही दुसऱ्याहून सवलत देत नाहीत. दत्तकाच्या किंवा वारशाच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने एखाद्या वचनाचा अर्थ चुकीचा लावला असे त्यांस वाटले, तर ते निर्णयाचा पूर्ण पत्ता देऊन, मूळ संस्कृत वचन समोर ठेवून, तो दोष दाखवून देतात. वकील म्हणून जो निर्णय न्यायालयात मान लववून स्वीकारावा लागे, तोच निर्णय ग्रंथकार म्हणून ते पुराव्याच्या तराजूत घालीत. न्यायालयात निवाडा म्हणजे आज्ञा होय. विद्येच्या क्षेत्रात तो एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट पुराव्यावरून, विशिष्ट माणसांनी केलेले विधान ठरतो, आणि ह्या दोहोंतील अंतर सांभाळण्याचे काम तळटीप करते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली १९३७ पासून निघू लागलेल्या धर्मकोशाच्या व्यवहारकांडात हीच शिस्त पोथ्यांच्या बाबतीत पाळलेली आहे: प्रत्येक वचन कोणत्या स्मृतीतले, कोणत्या निबंधात उद्धृत झालेले, पाठभेद कोणते, हे सारे तेथे दाखल आहे.

इतिहाससंशोधकांची वाट थोडी निराळी होती. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या नावाने जे बावीस खंड काढले, त्यांत महजर, निवाडपत्रे, वतनपत्रे विपुल आहेत. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने शिवचरित्रसाहित्याच्या खंडांतून त्यांत भर घातली. आणि गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून निघाले. तेव्हापासून मराठी संशोधनात 'राजवाडे, खंड अमुक, लेखांक अमुक' असा उल्लेख करण्याची प्रथा पडली. लेखांकाची ही पद्धत साधी, पण तिच्यापुढे दोन अडचणी नेहमी उभ्या असतात. पहिली कालगणनेची. निवाडपत्रावर साल असते ते 'इसन्ने सबैन मया व अलफ' अशा अरबी अंकशब्दांत. इसन्ने म्हणजे दोन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, मिळून शुहूर सन ११७२. त्यात ५९९ मिळवावे म्हणजे इसवी सन १७७१ येते. परंतु शुहूर सन मृगाला बदलतो, सबब जानेवारीपासून मेअखेरपर्यंतच्या तारखांस ६०० मिळवावे लागतात, आणि हा एक अंक विसरला की थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीतला निवाडा वर्षभर मागे सरकतो. म्हणून सावध संशोधक मूळ सन, चंद्राची तारीख आणि इसवी सन ही तिन्ही लिहितो. दुसरी अडचण असल-नकलेची. छापील लेखांक म्हणजे मूळ मोडी कागदाचे बालबोध वाचन. ते कोणी केले, असल कागद कोणत्या रुमालात आहे, की तो आता गहाळ झाला, हे सांगितल्याविना दाखला पुरा होत नाही. विठ्ठल त्र्यंबक गुणे ह्यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजातर्फे प्रसिद्ध केलेला मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील प्रबंध ह्या कारणास्तव नमुनेदार आहे: त्यात महजरांचा संग्रह हाच पाया आहे आणि निष्कर्ष त्यावर रचलेले आहेत.

आता ज्या ठिकाणी दोन्ही वाटा एकमेकींस मिळतात, तेथील एका प्रसिद्ध प्रकरणाकडे वळू. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा, पत्नीने नांदावयास यावे म्हणून पतीने केलेला, खटला आय. एल. आर. च्या मुंबई मालिकेत दोनदा येतो: नवव्या खंडात ५२९ व्या पृष्ठावर न्यायमूर्ती पिन्हे ह्यांचा सप्टेंबर १८८५ चा, रखमाबाईंच्या बाजूचा निर्णय, आणि दहाव्या खंडात ३०१ व्या पृष्ठावर अपिलात तो फिरविणारा १८८६ चा निर्णय. जो लेखक ह्यांपैकी एकच उल्लेख देतो तो नकळत वाचकाची दिशाभूल करतो. पहिलाच दिला तर रखमाबाई जिंकल्या असे वाटते, दुसराच दिला तर त्या हरल्या असे वाटते. दोन्ही दिले तरीही कथा पुरी होत नाही. रखमाबाईंनी पतीकडे जावे अन्यथा सहा महिन्यांच्या कैदेस सामोरे जावे, असा हुकूम मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी दिला. त्यापूर्वीच 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' ह्या सहीने रखमाबाईंची पत्रे प्रसिद्ध झाली होती. 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरुद्ध लेखणी चालविली. आणि १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण आपसात मिटले, त्यानंतर रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेस गेल्या. ह्यांतील तडजोडीचा मागमूस कायद्याच्या वृत्तांतात शोधून सापडावयाचा नाही, कारण वृत्तांतकाराला कायद्याचा मुद्दा हवा असतो, माणसाचे पुढे काय झाले हा त्याचा प्रश्नच नव्हे. ज्याला समाजाचा इतिहास लिहावयाचा आहे त्याने आय. एल. आर. च्या जोडीस वर्तमानपत्राची तारीख आणि दप्तरातला कागद ह्यांचाही दाखला दिला पाहिजे.

सालाचा घोळ आधुनिक निवाड्यांतही सुटत नाही. मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी ह्या, द्विभार्याप्रतिबंधक कायद्याच्या वैधतेवरील खटल्याचा निर्णय मुख्य न्यायमूर्ती छगला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी १९५१ साली दिला. पण तो ए. आय. आर. मध्ये १९५२ च्या मुंबई विभागात ८४ व्या पृष्ठावर छापला गेला. आय. एल. आर. मधील त्याच्या उल्लेखात साल १९५१ आहे. परिणाम असा, की राज्यघटनेवरील लेखनात तो निर्णय कधी एका वर्षी तर कधी दुसऱ्या वर्षी दिला गेल्याचे वाचावयास मिळते. आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आधी की नंतर, असा प्रश्न विचारणाऱ्या इतिहासकाराला त्या एका वर्षाने बराच फरक पडतो. ए. आय. आर. च्या उल्लेखातले साल हे ग्रंथाचे साल होय. निर्णयाची तारीख स्वतंत्रपणे निर्णयाच्या मजकुरातून पाहून लिहावी लागते. त्याचप्रमाणे निर्णयाच्या माथ्यावर छापलेला सारांश, ज्यास वकील मंडळी हेडनोट म्हणतात, तो संपादकाने लिहिलेला असतो, न्यायाधीशाने नव्हे. त्यातील वाक्य न्यायाधीशाच्या तोंडी घालणे म्हणजे कारकुनाच्या टिपणास पेशव्यांची आज्ञा समजणे होय.

इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांनी ह्या साऱ्या खटाटोपास नियमांच्या पुस्तिकांत बांधून टाकले. हार्वर्डच्या मंडळींची पुस्तिका १९२६ साली निघाली आणि ऑक्सफर्डची त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आपल्याकडील विधी महाविद्यालयांतून त्या दोहोंचेही अनुकरण चालते, आणि साल चौकटी कंसात घालावे की गोल कंसात, पक्षकारांची नावे तिरप्या ठशात छापावीत की सरळ, ह्यावर विद्यार्थ्यांचे गुण अवलंबून असतात. शिस्तीचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु वृत्तांतांच्या मालिका इतक्या झाल्या, की एकाच निर्णयाला चार-चार पत्ते जडले, आणि ज्याच्या ग्रंथालयात नेमकी ती मालिका नाही त्यास तो पत्ता असून नसल्यासारखा झाला. ह्यावर उपाय म्हणून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली आपल्या निर्णयांना स्वतःच क्रमांक देण्यास आरंभ केला, आणि अनेक उच्च न्यायालयांनीही तोच मार्ग धरला. साल, न्यायालयाचे संक्षिप्त नाव आणि क्रमांक, एवढाच हा उल्लेख. तो कोणत्याही प्रकाशकाच्या मालकीचा नाही, आणि निर्णय छापून येण्याची वाट पाहण्याचेही कारण उरले नाही. प्रकाशकाच्या ताब्यातून निघून पत्ता पुन्हा निवाडा करणाऱ्या सभेकडे आला.

तथापि पत्ता कितीही सुलभ झाला तरी अभ्यासकाचे ओझे त्यामुळे तसूभरही हलके होत नाही. महजर करणाऱ्या गोताने उपस्थितांची नावे घातली, वेस्ट व ब्यूलर ह्यांनी ठिकाण, तारीख आणि पोथीचे पान दिले, काण्यांनी वचन आणि निर्णय एका टिपेत समोरासमोर उभे केले. ह्या तिघांचाही हेतू एकच होता, की ज्यास आपले म्हणणे पटत नाही त्यास आपल्याच पुराव्यापर्यंत जाऊन आपणास खोटे पाडण्याची वाट मोकळी असावी. जो दाखला वाचकाला तेथवर नेत नाही तो कितीही नेटका छापला तरी नुसता दबाव ठरतो. आणि जो ग्रंथकार मूळ निर्णय न वाचता दुसऱ्याच्या तळटिपेतून खंड व पृष्ठ उचलतो, त्याने नक्कल पाहून असल पाहिल्याची साक्ष दिलेली असते. गावच्या देशकसभेने अशी साक्ष ग्राह्य धरली नसती. आजच्या परीक्षकांनी व संपादकांनी तिला ग्राह्य धरावे, असे कोणतेही कारण दिसत नाही.